डॉक्टर दूर, कागद हाताशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजकाल तज्ज्ञ डॉक्टर मोबाईलच्या पडद्यावर भेटतात. सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा २०१९ साली सुरू झाली, आणि गावाहून शहरात जाण्याची यातायात पुष्कळ वाचली. पण पडद्यावरच्या डॉक्टरांना नाडी धरता येत नाही, पोट दाबून पाहता येत नाही. त्यांची सारी भिस्त आपल्या कागदांवर. आणि ते कागद कुठे? थोडे कपाटात, थोडे गादीखाली, उरलेले पिशवीत!

माझ्या नणंदबाई कोकणात असतात. मूत्रपिंडाच्या तक्रारीसाठी त्यांना असाच सल्ला घ्यायचा होता. आदल्या दिवशी आम्ही सतरंजीवर सगळे कागद मांडले. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्त-लघवीचे रिपोर्ट, सोनोग्राफी, इस्पितळातून घरी सोडतानाचा कागद असे गठ्ठे केले व तारखेप्रमाणे लावले. मग एका कोऱ्या कागदावर वय, जुने आजार, शस्त्रक्रिया, न सोसणारी औषधे आणि क्रिएटिनिनचे आकडे तारखांसह लिहिले. एका आकड्यावरून फारसे कळत नाही. चार आकडे ओळीने मांडले की दुखणे वाढते आहे की थांबले आहे ते दिसते.

शेवटी चालू औषधे लिहिली. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली गोळीही मी त्यात घातली. नणंदबाई म्हणाल्या, “अहो वहिनी, ती कसली औषधात मोजता!” डॉक्टरांनी नेमकी तीच गोळी आधी बंद केली. तसल्या वेदनाशामक गोळ्या दुबळ्या मूत्रपिंडाला अपाय करतात.

कागदांचे फोटो उजेडात काढावे. नाव, तारीख व चारही कोपरे दिसावे. विचारायचे प्रश्न आधीच लिहून ठेवावे. इस्पितळातले कागद हरवले असतील तर मागावे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यावर ते ७२ तासांत द्यावयाचे असतात. मात्र दाखल रुग्णांचे कागद ३ वर्षेच जपण्याचे बंधन आहे, म्हणून दिरंगाई नको.

आता एक मनातले बोलते. यजमानांची फाईल आपण ठेवतो, सासूबाईंचीही ठेवतो. आपली कुठे आहे? गरोदरपणी साखर वाढली असेल तर पुढे मधुमेहाचा संभव अधिक असतो. तो वीस वर्षांपूर्वीचा कागदही तज्ज्ञाला उपयोगी पडतो. घरातल्या साऱ्यांची दुखणी आपल्याला तोंडपाठ असतात. आपले दुखणे मात्र आपल्यावाचून कोणाला ठाऊक नसते.

तेव्हा भगिनींनो, या वर्षी प्रत्येकीने स्वतःच्या नावाची एक फाईल करावी, एवढीच विनंती.