गुरांचा घटसर्प

शहरांतील कुटुंबांत ‘घटसर्प’ म्हटलें कीं मुलांच्या घशाचा रोग डोळ्यांपुढें येतो. गुरांचा घटसर्प निराळ्या जंतूचा. साम्य काय तें घशाच्या सुजेपुरतें. थळ घाटाच्या पायथ्याच्या कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंतचा मुलूख अतिवृष्टीचा आणि भाताचा. अशा मुलुखांत या रोगाला ऋतु सांपडतो तो नेमका चिखलणीचा. सकाळीं जुंपलेला बैल दुपारीं तापानें फणफणतो, तोंडांतून लाळ गळूं लागते, सूज गळ्यावरून खालच्या पोळीपर्यंत उतरते, श्वासाची घरघर दूरवर ऐकूं येते. आणि बहुधा एक-दोन दिवसांतच सारें आटोपतें. जोडींतला एक बैल गेला म्हणजे दुसरा असून नसल्यासारखा, आणि आवणीचे दिवस तर कोणासाठीं थांबत नाहींत. म्हशी या रोगाला गाईबैलांहूनही लौकर बळी पडतात.

पाऊस आला कीं रोग येतो, हें शेतकऱ्याचें निरीक्षण खोटें नाहीं. पण जंतु कांहीं आभाळांतून पडत नाहीं. ओल्या चिखलांत तो थोडे दिवस तग धरतो, उन्हांत लौकर मरतो. मग एरवीं तो असतो कोठें? कांहीं धडधाकट दिसणाऱ्या जनावरांच्या घशांतील गांठींत. उन्हाळ्याअखेरची वैरणटंचाई, पहिल्या सरींचा गारठा आणि त्यांतच नांगराचे श्रम, यांनीं जनावर खचलें म्हणजे जंतु वाढीस लागून रक्तांत शिरतो. पुढें लाळेनें, नाकाच्या पाण्यानें, एकाच डबक्यानें व एकाच गव्हाणीनें तो शेजारच्या गुरांपर्यंत पोंचतो. मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौषांत भरणाऱ्या जत्रेंतून पारखून आणलेला तजेलदार खोंडही असा जंतुवाहक असूं शकेल. दांत पाहून वय कळतें, घशांतला जंतु कळत नाहीं.

याच जातीच्या जंतूनें कोंबड्या मरत, तेव्हां पाश्चरनें त्याला निर्बळ करून १८८० च्या सुमारास त्याचीच लस बनविली. ‘पाश्चुरेला’ या शास्त्रीय नांवांत त्याची आठवण राहिली आहे. गुरांना टोंचावयाची लस मृत जंतूंची असते. तिनें प्रतिकारशक्ति येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून तिचा काळ मे महिन्याचा, पहिला बैल मेल्यानंतरच्या धांवपळीचा नव्हे. औषधाचा उपयोग ताप चढतांच; सूज दिसल्यावर जनावर क्वचितच वांचतें. मेलेलें जनावर ओढ्यांत ढकलणें म्हणजे खालच्या पाड्याला रोग धाडणें होय. तें खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावें, आणि त्याचें दावें व उष्टी वैरण जाळून टाकावी.