जिंकल्यानंतरचा कॅसलरे



१७६९ साली जन्मलेले नेपोलियन आणि वेलिंग्टन तुम्हाला माहीत आहेत. त्याच वर्षी डब्लिनमध्ये रॉबर्ट स्टुअर्ट जन्मला, पुढे लॉर्ड कॅसलरे म्हणून ओळखला गेलेला ब्रिटिश राजकारणी. आज त्याच्याविषयी बोलायचंय.

आपल्या इतिहासातही तो आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लंडनच्या नियंत्रण मंडळाचा तो अध्यक्ष होता. दुसऱ्या बाजीरावाबरोबरच्या वसईच्या तहामुळे कंपनी मराठ्यांच्या भांडणांत अडकत जाईल, अशी शंका त्याने १८०४ मध्ये लेखी मांडली. पण तोवर मराठ्यांशी युद्ध पेटून असईची लढाई होऊन गेली होती.

त्याची कारकीर्द निर्मळ नव्हती. आयर्लंडची पार्लमेंट बरखास्त करण्यासाठी त्याने सरदारक्या वाटल्या, पैसा ओतला. ते मला आजही सलतं. १८०९ मध्ये युद्धमंत्री म्हणून त्याने आखलेल्या वाल्खरेनच्या मोहिमेत हजारो सैनिक तापाने मेले. त्याच वर्षी जॉर्ज कॅनिंग या सहकाऱ्याशी त्याने पिस्तुलांचं द्वंद्व खेळलं. कॅनिंगच्या मांडीत गोळी घुसली. असा माणूस संपलाच, असं कुणालाही वाटलं असतं.

पण १८१२ मध्ये तो परराष्ट्रमंत्री झाला. जानेवारी १८१४ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, समुद्र ओलांडून बर्फाच्या रस्त्यांनी तो स्वतः बाझेलला पोहोचला. नेपोलियनविरुद्ध लढणारे रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया एकमेकांवर संशय घेत होते. मार्चमध्ये शोमाँ इथे त्याने त्यांना करारात बांधलं: प्रत्येकाने दीड लाख सैनिक उभे करायचे, नेपोलियनशी परस्पर तह करायचा नाही, आणि ब्रिटन वर्षाला पन्नास लाख पौंड देणार.

त्याचं खरं मोठेपण मला दिसतं ते यानंतर. वॉटर्लू जिंकल्यावर प्रशियाला फ्रान्सचे लचके तोडायचे होते. इंग्लंडातही सूडाची भाषा जोरात होती. कॅसलरे अडून राहिला. विजयाच्या खुणा गोळा करत बसायचं नाही, युरोपला शांततेची सवय लावायची, हा त्याचा आग्रह होता. फ्रान्सला सत्तर कोटी फ्रँकची भरपाई द्यावी लागली, परकी फौजही बसली. पण देश शाबूत राहिला. जास्तीत जास्त पाच वर्षं राहायची ती फौज १८१८ मध्येच परतली, आणि फ्रान्स पुन्हा मोठ्या राष्ट्रांच्या पंगतीला बसला.