अडीचशे किलोमीटर आणि एक पायरी
(युवकांच्या अभ्यास शिबिरातील भाषण)



विषय मिळालाय 'वारी आणि आपण'. तो ऐकून मागच्या रांगेतली पोरं हसली. हसा. पण आपल्या कितीतरी घरांतली जुनी माणसं, नवराबायको जोडीनं, पंढरीला चालत जायची. १९५६ नंतर बहुतेकांनी गळ्यातली माळ उतरवली, काहींनी नाही उतरवली. ती का चालली आणि कुठवर पोचली, हा हिशेब मांडल्याशिवाय आपल्याला हसण्याचा अधिकार नाही.

आधी रस्ता बघू. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून पालखी निघते. पुणे, दिवे घाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी. सुमारे अडीचशे किलोमीटर. पेरणी उरकून, नाहीतर तशीच टाकून, जोडपं निघतं. त्याच्या गळ्यात टाळ, तिच्या डोक्यावर तुळस. म्हातारा दमला की म्हातारी थांबते. अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या पाया पडतो, 'माउली' म्हणतो. हे खरंय. खोटं कशाला बोला? ज्या देशात सावलीचा विटाळ व्हायचा, तिथं पाया पडणं ही लहान गोष्ट नाही.

पण दोस्तहो, रस्त्यावर समता सोपी असते. चूल पेटली की जात बाहेर येते. इरावती कर्वे वारीत चालल्या, 'वाटचाल' हा लेख लिहिला. ब्राह्मण आणि मराठा वारकरी दिवसभर बरोबर चालायचे नि जेवायला वेगळे बसायचे, हे त्यांना खुपलं. चालताना माउली, जेवताना जात. मग आपला माणूस कुठं होता?

त्यासाठी एका जोडप्याकडं जावं लागतं. मंगळवेढ्याचे चोखामेळा आणि सोयराबाई. चौदावं शतक. मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर, पण त्यांचं अंतर किलोमीटरात मोजता येत नाही. दोघांनी अभंग रचले. चोखोबानं देवळाबाहेर उभं राहून विठ्ठल आळवला. सोयराबाईनं विटाळाच्या मुळावरच घाव घातला: देह जन्मतोच विटाळातून, तर सोवळा कोण? ती स्वतःला 'चोखियाची महारी' म्हणवते. नवऱ्याचं नाव आणि लादलेली जात, दोन्ही उघड सांगून सवाल टाकते. त्यांचा पोरगा कर्ममेळा तर सरळ देवालाच जाब विचारतो. तेव्हा बंड १९७२ साली आपणच सुरू केलं, असं कुणी समजू नये.

१३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांबरोबर तिच्याखाली गेला. ज्या कुसाबाहेर राहायचं, तेच कूस बांधता बांधता मेला! नामदेवांनी अस्थी पंढरपूरला आणल्या, असं परंपरा सांगते. समाधी कुठं? महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. बाहेर. पुढं सहाशे वर्षं आपली जोडपी पाय फुटेस्तोवर चालत यायची आणि त्यांची वारी त्या समाधीपाशी संपायची. एवढा रस्ता तुडवणाऱ्या पायांना शेवटची एक पायरी बंद.

ती उघडली कधी? साने गुरुजी १ मे १९४७ला पंढरपुरात उपोषणाला बसले, दहा दिवस बसले, तेव्हा त्या वर्षी दार उघडलं. विठ्ठलाला नव्हे, बडव्यांना हलवायला माणूस उपाशी बसावा लागला. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क १९७३च्या कायद्यानं काढले, पण कोर्टातली लढाई जानेवारी २०१४पर्यंत, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालली. चाळीस वर्षं! आज आषाढीच्या शासकीय महापूजेला रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला मुख्यमंत्र्यांबरोबर मान मिळतो, वर्षभराचा एस.टी.चा पास मिळतो. छान आहे. चोखोबा मात्र अजून पायरीशीच आहे.

आता आणखी एक जोडपं. ते या वाटेला गेलंच नाही. रमाईला पंढरपूरला जायचं होतं. बाबासाहेब नको म्हणाले. जे देऊळ आपल्या भक्ताला दाराबाहेर उभं करतं तिथं कशाला जायचं, आपण दुसरं पंढरपूर उभं करू, असं ते म्हणाल्याचं धनंजय कीर लिहितात. २७ मे १९३५ला रमाई गेली. नागपूरची दीक्षा ऑक्टोबर १९५६ची. मधे एकवीस वर्षं. नवं पंढरपूर उभं राहिलं, पण जिनं मागितलं होतं ती बघायला नव्हती. बाबासाहेबांनी १९४८चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. ते चोखोबाला विसरले नाहीत, आणि चोखोबाच्या पायरीवर थांबलेही नाहीत. आपला रस्ता हाच.

पण बाबासाहेबांचं ते उत्तर आपण सभेत टाळ्यांसाठी वापरतो आणि रमाईचं मागणं विसरतो. शेणी थापून संसार ओढणाऱ्या त्या बाईला फक्त देवच हवा होता का? की चार दिवस चुलीपासून सुटून, हजारो माणसांत, मोकळ्या रस्त्यानं चालायचंही होतं? वारीत बाईला एवढं तरी मिळतं, जरी वीणा आणि पखवाज बहुतेक पुरुषांकडंच असतात. आपल्याकडं काय? ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर जातो आणि बायकोला सांगतो, पोरं कोण बघणार? नेलीच, तर झेंडा आपल्या हातात, भाकरीचं गाठोडं तिच्या. मग घराच्या उंबऱ्यावरचा बडवा कोण, हे ज्यानं त्यानं आरशात बघावं.

तेव्हा पोरांनो, हसणं पुरे. वस्तीत जी म्हातारी माणसं उरलीत त्यांच्याकडं वही घेऊन जा. विचारा: कुठून चाललात? कुठल्या गावानं पाणी वरून ओतलं? पंगतीत कुठं बसवलं? देवळाशी कुणी अडवलं? हे लिहून काढा, नाहीतर उद्या कुणी सांगेल की वारीत जात कधी नव्हतीच. आणि आजीला वेगळं विचारा. आजोबांसमोर ती बोलणार नाही.

जय भीम!