रोमन ब्रोच आणि ब्रह्मपुरीची कांस्ये

रोमन काळातील ब्रोच ही वस्तुतः एक साधी टाचणी होय. खांद्यावरील लोकरी झग्याची दोन टोके एकत्र धरून ठेवणे, एवढेच तिचे काम. कमानदार धातुपट्टीच्या एका टोकाशी वेटोळी कमान, तीतून निघालेली सुई आणि सुई अडकविण्यासाठी खोबण, अशी तिची रचना असे. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट याने 1849 साली जिचे पेटंट घेतले ती सेफ्टी पिन तत्त्वतः याहून निराळी नाही. कारागिरांनी मात्र या उपयुक्त वस्तूचा अलंकार केला. कांस्याच्या पृष्ठभागावर लहान लहान खाचा पाडून त्यांत रंगीत काचेचा चुरा भरावयाचा व तो भट्टीत वितळवावयाचा. मग तांबड्या, निळ्या मिन्याची नक्षी उमटे. पुढे चौथ्या शतकात धनुष्याकृती ब्रोच हा अधिकाऱ्यांचा व सैनिकांचा मानदर्शक ठरला.

आता आपल्याकडे पाहू. कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तेथे 1944 साली कांस्यवस्तूंचा एक मोठा साठा हाती लागला आणि 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख सांकळिया व मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले. साठ्यात समुद्रदेव पोसायडन याची वीतभरही नसलेली मूर्ती होती. हातातील त्रिशूळ केव्हाच गळून पडलेला. तिच्या जोडीला भूमध्यसागरी घडणीचे आरसा, सुरई असे सामानही होते आणि त्याच साठ्यात हत्तीवर बसलेल्या स्वारांची अस्सल देशी घडणही होती.

एवढ्यावरून कोल्हापुरात रोमन वस्ती होती, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा हे बरे. मूर्ती, सुरई, आरसा हा व्यापाराचा माल. तो दहा हातांतून फिरत येतो आणि विकत घेणाऱ्याने मूळ धनी पाहिलेलाही नसतो. ब्रोचची गोष्ट वेगळी. ती माणसाच्या अंगावरून प्रवास करते. ज्या देशात धोतर, उत्तरीय व साडी गुंडाळून, खोचून नेसतात, तेथे तिला गिऱ्हाईक कोठून मिळणार? ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातील मालाच्या यादीत भडोचला उतरणारे इटालियन मद्य, तांबे, कथील, पोवळे आहे. पैठणचे अकीक व तगर म्हणजे तेरचे कापड उलट दिशेने जाते. खुद्द तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत, त्याही भोक पाडून गळ्यात घालण्यासाठी! सम्राटाचा मुखवटा इकडे आला तो असा, मराठवाड्याच्या मातीत उमटून, दोऱ्यात ओवलेल्या पदकाच्या रूपाने. पोसायडन आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.