धमतरीची मंडळी



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘श्रद्धा आणि आपलेपणा’ हा विषय माझ्याकडे सोपविला, तेव्हा या दोहोंतील नाते ज्यांनी मोठ्या कसोशीने, आणि पुष्कळदा प्राणांचे मोल देऊन, तपासून पाहिले त्या मेनोनाइट नावाच्या लहानशा ख्रिस्ती पंथाविषयी, आणि त्यातही धमतरीच्या मेनोनाइट मंडळीविषयी, बोलावे असे मी ठरविले. धमतरी हे छत्तीसगडात महानदीच्या खोऱ्यातील गाव. तो मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि पुढे मध्यप्रांतात मोडल्यामुळे तेथील कागदपत्रांचा ओघ कित्येक वर्षे नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांकडेच वाहत असे. तेव्हा हा विषय आपणांस वाटतो तितका परका नाही.

या पंथाचा उगम मात्र पार दूरच्या झुरिक शहरातला. 21 जानेवारी 1525 रोजी तेथील एका घरात काही तरुण जमले आणि कॉन्राड ग्रेबेल याने जॉर्ज ब्लाउरॉक नावाच्या धर्मगुरूस बाप्तिस्मा दिला. ब्लाउरॉकचा बाप्तिस्मा शैशवातच उरकलेला होता. परंतु ज्याला काहीच कळत नाही त्या अर्भकाने घेतलेली दीक्षा ही दीक्षाच नव्हे, जाणत्या वयात, स्वतःच्या मुखाने, परिणामांची पूर्ण कल्पना असताना दिलेले वचन हाच मंडळीत येण्याचा एकमेव दरवाजा, असे या मंडळींचे म्हणणे होते. आज हे वाचताना त्यात भयंकर असे काही दिसत नाही. पण ज्या काळी नगराचा रहिवासी आणि चर्चचा सभासद या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात ही कल्पनाच कोणाच्या मनाला शिवत नव्हती, त्या काळी हा विचार राज्याच्या पायालाच सुरुंग लावणारा होता. 5 जानेवारी 1527 रोजी त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ यास नगरपरिषदेच्या हुकुमाने लिमात नदीत बुडवून मारण्यात आले. पाण्याने गुन्हा केला, त्यास पाण्यानेच शासन, असा त्यामागचा क्रूर विनोद होता. मेनो सायमन्स हा फ्रीजलंडचा कॅथलिक धर्मगुरू 1536 साली आपली वृत्ती सोडून या छळलेल्या लोकांत आला, शस्त्र न धरण्याचा दंडक त्याने त्यांच्या ठायी दृढ केला, आणि त्याचेच नाव पंथास मिळाले.

यापुढचा इतिहास मोठा विलक्षण आहे. जन्माने कोणी आपला होत नाही असे ज्यांनी प्राणपणाने सांगितले, त्यांचीच पुढे जन्मावरून ओळख पटू लागली! हॉलंडातून विस्तुला नदीच्या दलदलीत, तेथून राणी कॅथरीनच्या सनदेवर विसंबून 1789 पासून रशियाच्या गवताळ पठारावर, आणि तेथेही सक्तीच्या लष्करी नोकरीचा कायदा आला तेव्हा 1874 च्या सुमारास कॅन्सस व मॅनिटोबाकडे, असे हे लोक बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडले. आणि ठराविक आडनावे, जर्मन बोली, आपसांतच होणारी लग्ने यांचे एक कुंपण त्यांच्याभोवती नकळत उभे राहिले. ज्यांनी महानुभावांचा किंवा लिंगायतांचा इतिहास वाचला आहे त्यांना यात नवल वाटू नये. जातिभेद मोडावयास निघालेला पंथ दोनतीन शतकांत स्वतःच एक जात होऊन बसतो, हा प्रकार आपल्या चांगलाच परिचयाचा आहे.

म्हणूनच धमतरीचे महत्त्व. 1899 साली अमेरिकन मेनोनाइट मिशनची पहिली माणसे तेथे पोहोचली आणि पाठोपाठ संवत् 1956 चा तो घोर दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी हजारो माणसे, धान्याची वाटणी, पटकी, आणि या सर्वांच्या शेवटी उरलेली अनाथ मुले! या मुलांना ना आडनावाचा वारसा, ना झुरिकची स्मृती, ना विस्तुलाची. आईबाप गेलेले, गाव सुटलेले, जात विचारावयास कोणी मागे न राहिलेले. मिशनच्या अनाथालयात ती वाढली, लिहावयास शिकली, तेथेच त्यांची लग्ने जुळली, आणि त्यांतूनच पहिली मंडळी उभी राहिली. आता स्वतंत्र निवडीने येणाऱ्यांचीच मंडळी, हा जो पंथाचा मूळ आग्रह, तो या मुलांच्या बाबतीत कितपत खरा होता? ज्या हाताने भाकरी दिली त्याच हाताने पुढे केलेली दीक्षा नाकारण्याची मोकळीक भुकेल्या पोराला कितीशी असते? हा प्रश्न मिशनच्या विरोधकांनी विचारला तसाच तो पंथाच्या तत्त्वातूनही आपोआप उपस्थित होतो, आणि माझ्या मते तो टाळून धमतरीविषयी प्रामाणिकपणे काही बोलता येत नाही.

गुंतागुंत येथेच संपत नाही. पुढे मिशनने बालोदगहान हे गाव मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, हक्काने विकत घेतले. अनाथालयातून बाहेर पडणाऱ्या जोडप्यांना जमीन कसावयास मिळावी हा हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे मिशन हे एकाच वेळी धर्मोपदेशक आणि मालगुजार झाले. ज्याच्याकडून प्रभुभोजनाची भाकरी घ्यावयाची त्याच्याच हिशेबात धारा भरावयाचा. थकबाकी राहिली तर तो पापाचा विषय की वसुलीचा, हे कुळाने कसे ठरवावे? शस्त्र न धरण्याचे व्रत घेतलेल्या, सत्तेपासून दूर राहू पाहणाऱ्या लोकांच्या गळ्यात ही सत्ता हिंदुस्थानात येऊन अशी अलगद पडावी हा दैवाचा खेळच म्हणावयाचा. 1951 साली मध्यप्रदेशात मालगुजारीच संपुष्टात आली आणि हा पेच कायद्यानेच सोडविला.

परंतु 1912 साली या मंडळ्यांची जी प्रांतिक परिषद स्थापन झाली, तिच्याकडे मी अधिक आदराने पाहतो. मेनोनाइटांत पोप नाही, सर्वांस बंधनकारक असे मध्यवर्ती आज्ञापत्रही नाही. गावोगावच्या मंडळ्यांनी आपले प्रतिनिधी पाठवावेत, त्यांनी एकत्र बसून शिस्त, शाळा, पैसा, पाळकांच्या नेमणुका यांचा ऊहापोह करावा, आणि जे ठरेल ते परत गावी जाऊन समजावून सांगावे, अशी ही रीत आहे. दुष्काळात पोरकी झालेली मुले अशा सभेत सभासद म्हणून बसू लागली, त्या दिवसापासून भाकरीने जडलेले नाते वचनाचे होऊ लागले असे मला वाटते. कारण ज्याला मत देता येते त्याला विरोधही करता येतो.

या पंथाचा पाय धुण्याचा विधी येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रभुभोजनानंतर पुरुष पुरुषांच्या बाजूस, स्त्रिया स्त्रियांच्या बाजूस जोडीजोडीने जातात. एक बसतो, दुसरा पाण्याच्या पात्राशी गुडघे टेकून त्याचे पाय धुतो आणि पंचाने पुसतो, मग दोघे जागा बदलतात, आणि शेवटी उठून परस्परांस आलिंगन देतात. आपल्याकडे पाय धुण्याचे अप्रूप नाही. पण गुरूचे, जावयाचे, अतिथीचे पाय धुतले जातात आणि पाणी एकाच दिशेने वाहते. येथे धुणारा लगेच धुवून घेणारा होतो. ज्या मुलखात कोणाच्या पायास कोणी हात लावावा यावरून माणसाची पायरी ठरत असे, तेथे एकाच पात्रापाशी झालेली ही अदलाबदल दहा प्रवचनांहून अधिक बोलकी होती.

अशा परिषदा फुटतातही, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर लँकेस्टरची फार मोठी प्रांतिक परिषद 2017 च्या अखेरीस मूळ संघटनेबाहेर पडली. आणि मूळ संघटनेच्या ज्या नियमावलीने पाळकांना असे विवाह लावण्यास मनाई होती ती मे 2022 मध्ये कॅन्सस सिटी येथील प्रतिनिधी सभेने रद्द केली. कोणाची बाजू योग्य हे ठरविण्याचा अधिकार माझा नाही. इतकेच सांगतो की निवडीने आलेल्यांच्या मंडळीला निघून जाणाऱ्याची वाट अडविता येत नाही, आणि बहिष्काराचे शस्त्रही तिच्या म्यानात पहिल्यापासून आहे.

मंडळीचा दरवाजा कोणाकोणासाठी उघडा ठेवावा, या प्रश्नाचे आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी निराळे उत्तर शोधले होते. 1917 साली आपल्या मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा दिली. मेनोनाइटांनी दरवाजा अरुंद केला, टिळकांनी तो उघडाच ठेवला. टिळकांची कल्पना मला अधिक उदात्त वाटते. पण 1919 मध्ये ते निवर्तले आणि त्यांच्यामागे दरबार चालविणारी घडी उरली नाही, उलट धमतरीच्या लोकांपाशी सभा, हिशेब, निवडणूक आणि पाणी भरलेले पात्र होते. जगातील बहुसंख्य मेनोनाइट आज आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका येथले आहेत. त्यांची जागतिक परिषद 1997 साली कलकत्त्यास भरली होती.

विदर्भातील इतिहासाच्या अभ्यासकांना माझी एक विनंती आहे. मध्यप्रांताच्या दुष्काळाचा इतिहास आपण आजवर जमाबंदी, तगाई आणि रेल्वे यांच्या अंगाने पुष्कळ वाचला; त्या दुष्काळातून वाचलेल्या अनाथ मुलांचे पुढे काय झाले, हे आता धमतरीस जाऊन, तेथील मंडळीच्या नातवंडापणतवंडांकडून, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.