बोट सुटली, माणसं राहिली



मी बोटीवर इंजिनीअर होतो, म्हणून संयोजकांनी मला चाच्यांवर बोलायला सांगितलं. कोपरीच्या पोरांना पाण्याचं नवल नाही. खाडी आणि चेंदणी कोळीवाडा लहानपणापासून पाहिलेला. चाचे मात्र आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातलेच वाटतात.

शंभर वर्षांपूर्वी हाँगकाँगच्या बाजूला चाचे चक्क तिकीट काढून बोटीवर चढत. भर समुद्रात पिस्तुलं काढत आणि बोट बायस बे नावाच्या उपसागरात नेत. म्हणून कंपन्यांनी ब्रिज आणि इंजिनरूमभोवती लोखंडी गज बसवले, पहाऱ्याला भारतीय शिपाई ठेवले. १९३५ मध्ये शांघायहून शाळेला परत निघालेली सत्तरएक मुलं 'तुंगचाऊ' बोटीवर अशीच सापडली. ब्रिटिशांच्या 'हर्मिस' जहाजावरच्या विमानांनी बोट शोधून काढली, चाचे पळाले आणि मुलं सुखरूप सुटली.

आमच्या वेळी एडनच्या आखातात सोमाली चाचे छोट्या वेगवान होड्यांतून येत आणि शिडी लावून वर चढत. आम्ही कठड्याला काटेरी तार गुंडाळायचो, पाण्याचे होज सुरू ठेवायचो, पहारा दुप्पट करायचो. शेवटचा आसरा म्हणजे 'सिटाडेल', आतून बंद होणारी मजबूत खोली. सगळ्यांनी आत जायचं, इंजिन बंद करायचं, नौदलाला कळवायचं. ड्रिलच्या वेळी मी नव्या पोरांना सांगायचो, "एक जण जरी बाहेर राहिला तरी सगळं फुकट. चाच्यांना ओलीस एकच पुरतो."

आपलं नौदल ऑक्टोबर २००८ पासून तिथे गस्त घालतंय. २०११ च्या सुरुवातीला त्यांनी शंभराहून अधिक चाचे पकडून मुंबईत आणले. आपली छाती फुगली. पण तेव्हा 'अस्फाल्ट व्हेंचर' ही बोट चाच्यांच्या ताब्यात होती. एप्रिल २०११ मध्ये खंडणी घेऊन त्यांनी बोट सोडली आणि सात भारतीय खलाशांना मात्र ठेवून घेतलं. आमची माणसं सोडा, मग तुमची सोडू, असा हिशेब. ते सात जण सुटले ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस. साडेतीन वर्षं! बोटीचा आणि मालाचा विमा असतो. घरी वाट बघणाऱ्यांच्या त्या वर्षांचा विमा कोण उतरवणार?

चाचेगिरीविरुद्ध आपला स्वतंत्र कायदा झाला २०२२ मध्ये. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' ही बोट सोडवली, तेव्हा मार्कोस कमांडो विमानातून समुद्रात उतरले होते. चाळीस तासांच्या कारवाईनंतर सतराही खलाशी सुखरूप सुटले, पस्तीस चाचे शरण आले आणि त्यांना मुंबईत आणून याच कायद्याखाली उभं केलं. बोटीवरचा एकही माणूस मागे राहिला नाही, हे मला त्या कारवाईत सगळ्यात मोठं वाटतं.

आता एक विनंती. आपल्यापैकी कोणाचा मुलगा, मुलगी, भाचा बोटीवर जायचं म्हणत असेल, तर जरूर पाठवा. फक्त आधी बघा, एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा भरतीचा परवाना आहे का. करारावर बोटीचं नाव, मालक आणि पगार स्पष्ट लिहिलाय का. त्या कराराची एक प्रत घरच्या कपाटात ठेवा. संकट आलंच, तर दाद कोणाकडे मागायची हे त्या कागदावरून कळतं.

कागद वाचता आला नाही तर मला फोन करा. मी आता कायम किनाऱ्यावरच आहे.