भूमीचे दप्तर : खडकांचे थर आणि जीवाश्म

गावाचा जुना इतिहास शोधावयाचा झाल्यास सनदा, ताम्रपट, शिलालेख आणि मोडी कागदपत्रे यांचा आधार घेतला जातो. परंतु ज्या काळी पृथ्वीवर मनुष्यच नव्हता, त्या काळाची नोंद कोणी ठेवली? ती भूमीनेच ठेवली आहे. खडकांचे थर हे तिचे दप्तर आणि त्यांत गाडले गेलेले प्राण्यांचे व वनस्पतींचे अवशेष, म्हणजेच जीवाश्म, ही त्या दप्तरातील कागदपत्रे होत. हे दप्तर महाराष्ट्रात जागोजागी उघडे पडले आहे. ते वाचणे आणि जतन करणे हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

वाचनाचे नियम

हे दप्तर वाचण्याचे नियम साधे आहेत. गाळाचे थर एकावर एक साचतात. म्हणून ते उलथेपालथे झालेले नसतील, तर खालचा थर जुना आणि वरचा नवा. हा नियम स्टेनो या शास्त्रज्ञाने 1669 साली मांडला. दुसरा नियम इंग्लंडमधील विल्यम स्मिथ याने शोधला. कालव्यांच्या खोदाईसाठी मोजणी करीत असता त्याच्या ध्यानात आले की, प्रत्येक थरात विशिष्ट जीवाश्म आढळतात आणि त्यांचा क्रम ठिकठिकाणी तोच असतो. त्या आधारे 1815 साली त्याने आपल्या देशाचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. या दोन नियमांनी क्रम कळतो, वय कळत नाही. वय ठरविण्याचे साधन विसाव्या शतकात लाभले. खडकातील युरेनियमचे ठराविक गतीने शिशात रूपांतर होते. त्यांचे प्रमाण मोजून खडकाचे वय काढता येते.

महाराष्ट्राच्या भूमीतील पाने

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हाचे लोटामागून लोट बाहेर पडले व ते थंड होऊन हा खडक तयार झाला. सह्याद्रीच्या घाटांत कड्यांच्या पायऱ्या दिसतात, त्या या लोटांच्याच होत. दोन लोटांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. एक लोट थंड झाल्यावर त्याचा पृष्ठभाग झिजून माती होण्याइतका अवधी गेला आणि मग दुसरा लोट आला, असे तो पट्टा सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर येथे राहणारे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी टाकळी परिसरात लाव्हाच्या थरांमधील गाळात गोड्या पाण्यातील शंख, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष शोधून काढले. त्यांचा निबंध 1855 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत येथे तळी होती व काठाला झाडी होती, हे त्यावरून सिद्ध झाले.

या काळ्या पाषाणाखाली काय आहे? 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी येथे 617 मीटर खोल वेध घेण्यात आला. त्यात 338 मीटर काळा पाषाण, त्याखाली अवघा 8 मीटर गाळाचा थर आणि त्याखाली अतिप्राचीन स्फटिकी खडक लागला. विदर्भाच्या पूर्व भागात मात्र जुने थर उघड्यावरच आहेत. उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर ओरखडे आहेत. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी येथून सरकलेल्या हिमनदीच्या त्या खुणा होत. त्यानंतर वाढलेल्या अरण्यांपासून वर्धा खोऱ्यातील व कामठीचा दगडी कोळसा बनला. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची पाने त्या काळातील थरांत उमटलेली दिसतात. तीच पाने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतही सापडतात. 1912 साली दक्षिण ध्रुवाहून परतताना मृत्यू पावलेल्या स्कॉट यांच्या तुकडीच्या सामानातही तिचे जीवाश्म मिळाले. हे सर्व प्रदेश एकेकाळी एकसंध होते, या निष्कर्षाला त्यामुळे बळकटी आली आणि त्या भूखंडाला गोंडवन हे आपल्याच भूमीचे नाव मिळाले.

पिसदुऱ्याचा दाखला

एखादी क्षुद्र वाटणारी वस्तू केवढी मोलाची ठरू शकते, याचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात आहे. तेथील पिसदुरा गावाच्या शिवारात, लाव्हाच्या थरांहून जुन्या अशा तांबड्या मातीच्या थरात डायनोसॉरांची हाडे सापडतात. त्यांच्याबरोबर गोल, लांबट असे दगडही मिळतात. हे दगड म्हणजे त्या प्राण्यांची दगड बनलेली विष्ठा होय. लखनौ येथील बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विष्ठाश्म सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. गवताच्या पेशींत सिलिकेचे विशिष्ट आकाराचे कण साठतात व गवत कुजले तरी ते टिकतात. असे किमान 5 प्रकारच्या गवतांचे कण त्यांत आढळले. तोपर्यंत डायनोसॉरांच्या काळात गवत होते याचा खात्रीलायक पुरावा नव्हता. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने ती समजूत बदलली. पुढे 2011 साली त्याच ठिकाणच्या विष्ठाश्मांत भाताच्या कुळातील गवताचे कणही ओळखले गेले. ज्या पिकावर कोट्यवधी लोकांचे पोट भरते, त्याच्या पूर्वजांचा दाखला अशा रीतीने विदर्भातील एका शिवारात मिळाला.

या दाखल्याचे बळ कशात आहे? तो दगड कोणत्या थरातला, हे ठाऊक होते यात. मिसलीतून काढून घेतलेला, तारीख व शिक्का नसलेला कागद पुरावा म्हणून उभा राहत नाही. थरातून उचलून दिवाणखान्यात ठेवलेल्या जीवाश्माचीही तीच गत होते. त्याचा आकार उरतो, साक्ष नाहीशी होते.

विहिरीपासून शाळेपर्यंत

थरांचे ज्ञान विद्वानांपुरतेच उपयोगाचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. घट्ट काळ्या पाषाणात पाणी फारसे साठत नाही. ते झिजलेल्या मुरमाच्या थरात, भेगाळलेल्या खडकात आणि सच्छिद्र लोटांच्या माथ्याशी साठते. म्हणून विहिरीची जागा ठरविताना थरांचा क्रम पाहणे अगत्याचे असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे काम याच पायावर उभे आहे. विहीर खणताना किती फुटांवर कोणता खडक लागला, याची नोंद ग्रामपंचायतीने ठेवल्यास पुढील विहिरीचा खर्च वाया जाण्याचा धोका कमी होतो आणि गावाच्या भूमीचा इतिहासही आपोआप लिहिला जातो.

विहीर, शेततळे, रस्ता व मुरमाची खाण यांसाठी खोदाई होणारच. विकासाला ती आवश्यक आहे. पण कुदळीच्या एका घावाने कोट्यवधी वर्षांची नोंद कायमची पुसली जाऊ शकते, आणि अशी नोंद पुन्हा तयार होत नाही. म्हणून खोदाईत हाडासारखा, लाकडासारखा किंवा पाना-शिंपल्याचा ठसा असलेला दगड आढळल्यास तेवढ्या जागेचे काम थांबवावे. वस्तू उपसू नये. गटक्रमांक, खोली आणि वरखालच्या थरांचे वर्णन लिहून छायाचित्र घ्यावे आणि तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या नागपूर कार्यालयास किंवा जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञान विभागास कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ओढ्याच्या दरडीशी किंवा घाटातील कापणीशी न्यावे, थर मोजावयास लावावे व त्यांचे चित्र काढून घ्यावे. यास पैसा लागत नाही.

प्राणहितेच्या काठी सिरोंच्याजवळच्या कोटा गावाचे नाव तेथील थरांमुळे जगभरच्या भूविज्ञानाच्या ग्रंथांत गेले आहे. पिसदुऱ्याचेही तसेच झाले. अशी आणखी किती गावे या राज्यात असतील, हे तेथील खोदाईवर नजर ठेवणाऱ्या सरपंचांवर, ग्रामसेवकांवर आणि शिक्षकांवर अवलंबून आहे. महसुलाचे दप्तर जपण्याची परंपरा या राज्यात जुनी आहे. भूमीचे हे मूळ दप्तरही त्याच दक्षतेने जपले गेले पाहिजे.